काळा थर

“मिस्त्री जोडावरच उभा राह्यते, पाह्यजो तू. खाली तेहतीस हजार व्होल्ट, अन् वर मिस्त्री.”

खड्ड्याच्या कडेला दोघे जण माझ्याकडे पाठ करून बसले होते. मी सायकल कडुनिंबाला टेकवत होते, त्यांना दिसले नव्हते. मिस्त्री म्हणजे माझे बाबा. बोलणारा त्यांचा जुना मदतनीस होता, कितीतरी वर्षं त्यांच्याबरोबर केबल ओढणारा. दुसरा जवळच्या गावातला, या कामापुरता घेतलेला.

“कायले पण?” नव्याने विचारलं.

“ज्यानं जोड केला त्यानं लाइन सोडाच्या वक्ती जोडावर उभं राहाचं. यायच्या उस्तादाचा रिवाज हाये. जोड यायचा, तं जीव बी यायचा.”

“अन् फुटला तं?”

“यायचा नाही फुटत.” मदतनीस हसला. “फुटला तं उद्यापासून तू मिस्त्री.”

माझ्या हातात एक घडी घातलेला कागद होता. तो इतका घट्ट धरला होता, की घामाने त्याची कड ओली झाली होती. जोड फुटणार हे त्या दोघांना माहीत नव्हतं. खड्ड्याच्या पलीकडे मातीने हात घासून धुणाऱ्या बाबांना माहीत नव्हतं. डोक्यावर टोपी घालून कागदांवर सह्या करणाऱ्या इंजिनिअर साहेबांनाही नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, कारण चूक माझी होती.

मी तिथेच झाडाखाली उभी राहिले. चार पावलं पुढे टाकून बोलायचं होतं. तेवढंच मला जमत नव्हतं.

आम्ही तेव्हा वरठीला राहत होतो, स्टेशनच्या मागे, दोन खोल्यांत. बाबा मूळचे दिघोरीचे. घर धानाच्या शेतीचं, भाऊ बरेच आणि बांध्या, म्हणजे शेताचे तुकडे, थोड्या, म्हणून ते तरुणपणीच नागपूरला गेले आणि केबल ओढणाऱ्या गँगमध्ये लागले. तिथे एका म्हाताऱ्या उस्तादाने त्यांना हाताशी धरलं आणि जॉइंटर केलं. जमिनीखालून जाणारी केबल एका तुकड्यात पुरत नाही. दोन तुकडे जिथे जोडतात तो जोड करणारा माणूस म्हणजे जॉइंटर. गावाकडे कोणी विचारलं तर मी “बाबा विजेच्या कामावर आहेत” एवढंच सांगायचे. त्यापुढे समजावून सांगायची वेळ आली तर मला बोलावं लागलं असतं.

तेव्हाची केबल कागदाची असे. मधे धातूची तार, तिच्यावर तेलात मुरवलेला कागद, थरावर थर, आणि सगळ्यांवर शिशाचं कवच. मी सात-आठ वर्षांची असताना बाबा मला एकदा कामावर घेऊन गेले होते. खड्ड्यात एका लोखंडी कढईत काळपट तेल तापत होतं. बाबांनी केबलमधून कागदाची एक पट्टी फाडली, चिमट्यात धरली आणि तेलात सोडली.

“ऐक,” ते म्हणाले.

मी श्वास धरून ऐकलं.

“कायी ऐकू आलं?”

“नाही.”

“मंग बरं हाये. चरचर आवाज आला असता तं कागदात पानी हाये असं समजाचं. पानी राह्यलं, अन् वरून लाइन सोडली, का जोड उडाला.”

“उडाला म्हणजे?”

मदतनिसाने दोन्ही हातांनी हवेत फुलासारखा आकार केला आणि तोंडाने आवाज काढला. सगळे हसले. मी त्या दिवसापासून भ्यायला शिकले. घरी आईने फोडणी टाकली आणि मोहरी तडतडली, की माझा हात आपोआप कानाकडे जाई. शाळेत फटाक्यांवर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी दोन ओळी लिहून पेन खाली ठेवलं होतं.

बाबांच्या हाताला एक गोष्ट पक्की बसली होती. कागद वाचेल तेवढा वाचवायचा. तार उघडी करायला लागेल तेवढाच फाडायचा, एक पदरही जास्त नाही. वर जितकी जाडी, तितकी वीज आत राहणार. वीस वर्षं ते असंच करत आले होते आणि त्यांचा एकही जोड फुटला नव्हता.

आणि तो रिवाज. लाइन सोडताना, म्हणजे केबलमध्ये वीज चालू करताना, बाबा चपला काढून जोडावर उभे राहत. वर वाळू टाकलेली असे, विटा रचलेल्या असत, त्यावर अनवाणी. का, असं मी एकदाच विचारलं होतं. “आपन केलेल्या जोडावर आपलाच भरोसा नसन, तं दुसऱ्यानं कायले ठेवाचा?” असं ते म्हणाले. लाइन सोडायच्या दिवशी आई तांदूळ धुऊन ठेवायची, पण स्टोव्हवर चढवायची नाही. बाबांची सायकल दारात लागली, की मग स्टोव्ह पेटायचा. यावर आमच्या घरात कधी कोणी काही बोललं नाही. मला मात्र त्या दिवशी तांदळाच्या पातेल्याकडे बघवत नसे.

मला त्यांनी भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. रोज बसने जाणं-येणं. त्यामुळे आमच्याकडे आणि दिघोरीलाही इंग्रजीतलं काहीही आलं, की ते माझ्यापुढे ठेवलं जाई. तार, औषधाची बाटली, कसला तरी फॉर्म. एकदा आत्याच्या घरी धानावर फवारायच्या औषधाचा डबा माझ्या हातात दिला. त्यावरचे शब्द मी कधी वाचले नव्हते. “मला नाही समजत,” मी म्हणाले.

आत्या हसत सुटली. “एवढ्या दुरून बसनं जाते, अन् डबा नाही वाचता येत? मंग काय शिकते वं तिथं? टाय बांधाले?”

ओसरीतले सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते जमिनीकडे पाहत होते. मला हसणाऱ्यांचं काही वाटलं नाही, बाबांच्या त्या पाहण्याचं वाटलं. त्यानंतर मी “समजत नाही” हे शब्द कधी उच्चारले नाहीत. हळू वाचायचं, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवायचं, अर्धं कळलं की उरलेलं अंदाजाने भरायचं, असं मी शिकून घेतलं. कोणाच्या लक्षातही येत नसे. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे माझं गप्प राहणं म्हणजे विचार करणं, असं सगळ्यांना वाटे.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास रेल्वेने आमच्या भागात रुळांवर विजेच्या तारा टाकायला घेतल्या. कोळशाची इंजिनं गेली होती, डिझेलची जाणार होती. रुळांच्या वर रेल्वेच्या तारा आल्या, तेव्हा तिथून जाणाऱ्या मोठ्या लाइनींना वरून जायला जागा उरली नाही. त्यांनी जमिनीखालून जायचं ठरलं. स्टेशनपासून दोन किलोमीटरवर एक फाटक होतं. तिथे तेहतीस हजार व्होल्टची लाइन सबस्टेशनपासून रुळांखालून पलीकडच्या खांबापर्यंत केबलने न्यायची होती. काम बाबांच्या ठेकेदाराकडे आलं. एका ड्रमवर गुंडाळलेली केबल पुरली नाही, म्हणून फाटकाच्या अलीकडे एक जोड आला.

बाबांनी तोवर अकरा हजारांचे जोड केले होते. तेहतीस हजारांचा हा पहिला. आणि केबलही कागदाची नव्हती. नवी, प्लास्टिकची.

त्यांनी तिचा वीतभर तुकडा घरी आणला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो. मधे अॅल्युमिनियमच्या तारा, भोवती पांढरं, दुधाळ, बोटभर जाड कडं. त्या पांढऱ्यावर एक पातळ काळा थर, रबरासारखा, घट्ट चिकटलेला. त्यावर तांब्याची पट्टी. तेल नाही, कागद नाही, शिसं नाही.

“हे तं नळाच्या पाइपावानी हाये,” आई म्हणाली.

बाबांनी तुकडा नाकाशी नेला. “वासच नाही याले,” ते म्हणाले. जुन्या केबलचा वास त्यांच्या शर्टांना कायम असे, साबणानेही जात नसे. ते तो तुकडा हातात फिरवत राहिले. मी त्यांना एखाद्या वस्तूपुढे इतकं परकं झालेलं पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते आणि ते आईला सांगत होते. नव्या जोडाचं सगळं सामान एका खोक्यात येतं. गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळ्या, पट्ट्या, आणि कसं करायचं त्याचा मोठा कागद. कागद इंग्रजीत. इंजिनिअर साहेबांनी विचारलं, “मिस्त्री, इंग्रजी वाचता येतं ना? नाहीतर नागपूरहून माणूस बोलावतो.”

“मंग?” आईने विचारलं.

“येते म्हनलं.”

“काहून?”

“ज्यायले नवीन येत नाही, त्यायले केबल ओढाले लावून राहिले. या उमरीत मी पुन्हा दोरी खांद्यावर घेऊ का?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पोरगी हाये ना. वाचून देईन ते.”

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी आम्ही बसलो. छोटं टेबल, वर बल्ब, आई बाजूला तांदूळ निवडत. कागद नकाशासारखा घड्या घातलेला होता. टेबलावर मावेल तेवढाच आम्ही तो उघडला. मी एकेक पायरी वाचायची, मराठीत सांगायची, आणि बाबा माझ्या जुन्या वहीत त्यांच्या शब्दांत ती उतरवायचे. पहिल्या सहा पायऱ्या सोप्या होत्या. बाबांचा चेहरा खुलत गेला. “हे तं आमचंच काम हाये,” ते दोनदा म्हणाले.

सातव्या पायरीत एक लांब वाक्य होतं. त्यात काळ्या थराला एक नाव दिलं होतं. शब्दाचा पहिला भाग म्हणजे अर्धं, दुसरा म्हणजे वाहून नेणारं. एवढं मला कळलं. पण केबलच्या बाहेरचा थर वीज कशी वाहून नेईल? वाहून नेणारं तर मधे असतं, आणि बाहेरचं सगळं तिला आत ठेवण्यासाठी असतं. हे तर मी बाबांकडूनच शिकले होते. मला वाटलं, माझंच वाचण्यात काहीतरी चुकतंय. पुढे मिलिमीटरचे आकडे होते, एका आकृतीचा क्रमांक होता, आणि एक क्रियापद होतं, ज्याचा अर्थ पुसणं की काढून टाकणं, हे त्या लांब वाक्यात मला ठरवता येईना. मी वाक्य पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

बाबा पेन धरून वाट पाहत होते. आईचे हात थांबले होते.

“हा काळा ना?” बाबांनी तुकडा उचलला. “रबरासारखा? हा राखाचाच असन. जेवढं जाड तेवढं बरं. तसंच लिहिलं हाये ना?”

“हो,” मी म्हणाले.

इतकंच. त्या एका शब्दाने मी त्या वाक्यातून सुटले. त्यांनी वहीत लिहिलं, ‘७. काळा थर राखणे.’ मी आठवी पायरी वाचायला घेतली.

जोड करायला त्यांना दोन दिवस लागले. घरी आले तेव्हा खूश होते. नळी गरम करताच कशी गोळा होऊन बसते, ते त्यांनी आईला हातांनी करून दाखवलं. जोडाची तपासणी मेगरने झाली. हँडल फिरवायचं यंत्र असतं ते, त्याचा काटा वर गेला की जोड चांगला. काटा पार वर गेला होता. पण मेगरचा विजेचा दाब अगदी कमी. मोठ्या दाबावर तपासायचं यंत्र बाहेरगावी अडकलं होतं, आणि रेल्वेने दिलेली मुदत संपत आली होती. साहेब म्हणाले, मेगर चांगला आहे, लाइन सोडू.

लाइन सोडायच्या दिवशी सकाळी बाबा लवकर गेले. जाताना मला म्हणाले, “तो कागद घडी घालून पाकिटात ठेव. साहेबाले वापस द्याचा हाये.”

मी कागद उचलला. जुन्या घड्यांवरून घडी बसेना, म्हणून तो पूर्ण उलगडून पलंगावर पसरला. टेबलावर आम्ही कधी न उघडलेली शेवटची घडी तेव्हा उघडली.

आत मोठी आकृती होती. जोड उभा चिरून दाखवलेला. मधे तार, तिच्या दोन्ही बाजूंना पांढरं, आणि काळा रंग जोडाच्या मध्यापासून खूप दूर थांबवलेला. मधलं सगळं पांढरं, उघडं, स्वच्छ. आकृतीखाली एका चौकटीत सोप्या इंग्रजीत लिहिलं होतं की हा काळा थर विजेला वाट देतो. तो दिलेल्या मापापर्यंत पूर्णपणे काढला नाही, तर लाइन सुरू करताना जोडाचा स्फोट होऊ शकतो.

मी फळीवरचा तो वीतभर तुकडा घेतला. बाबांनी सरावासाठी त्याचं एक टोक सोललं होतं, प्रत्यक्ष जोडात सोलणार होते तसं. काळा थर अगदी तारेजवळ आला होता. दोघांच्या मधे पांढरं नखाएवढं.

स्वयंपाकघरात आईने तांदूळ धुतले. पाणी ओतल्याचा आवाज आला.

“काय झालं वं?” तिने दारातून विचारलं.

“काही नाही. हा कागद बाबांना द्यायचा राहिला.”

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी चपला घातल्या.

रस्ताभर मी कान देऊन होते. पायडल मारायचा आवाज, साखळीचा आवाज, माझा श्वास. त्याच्या पलीकडे मी एका आवाजाची वाट पाहत होते. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या आणि धानाच्या पेंढ्या रचून केलेले पुंजणे होते. एका पुंजण्याजवळ कोणीतरी फळी आपटली आणि मी सायकलवरून जवळजवळ पडलेच.

आवाज झाला नव्हता. मी पोचले तेव्हा ते दोघे खड्ड्याच्या कडेला बसून हसत होते.

शेवटी मी बाबांना हाक मारली. इतक्या हळू, की दुसऱ्यांदा मारावी लागली. ते ओले हात पँटला पुसत आले.

“काहून आली वं? घरी सगळं बरं हाये ना?”

“बाबा, सातवी पायरी मी चुकीची सांगितली.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं.

“काय चुकीची?”

मी कागद उलगडून आकृती दाखवली. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण जोड वाचता येत होता. त्यांचा अंगठा काळ्या रंगावरून सरकत गेला आणि जिथे काळं संपत होतं तिथे थांबला. मग तो मधल्या पांढऱ्यावरून हळूहळू पलीकडच्या काळ्यापर्यंत गेला. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

“मेगर बरोबर आला,” ते म्हणाले.

“पण इथे लिहिलंय, मेगर बरोबर आला तरी...” तसं लिहिलेलं नव्हतं. मी घाबरून वाढवून सांगत होते.

“लिहिनाऱ्यानं लिहिलं.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. “साहेबाले म्या सांगितलं हाये, मले वाचता येते म्हनून. आता त्यायच्यासमोर, या दोघायच्यासमोर...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. “चूप राय. कोनाले कायी सांगू नको.”

“बाबा, तुम्ही निदान वर उभे राहू नका.”

“आतापर्यंत उभा राह्यलो. आजच नाही राह्यलो, तं काय समजतीन लोकं?” मग त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. तसं ते कधी करत नसत. “तू इथं थांबू नको. फाटकाच्या पल्याड जाऊन उभी राय. दूर.”

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की त्यांना कळलं आहे. मला त्यांनी आजवर कुठल्याच जोडापासून दूर उभं राहायला सांगितलं नव्हतं.

मी गेले. हे लिहिताना लाज वाटते, पण मी खरोखरच निमूटपणे गेले. सांगितलेलं ऐकायची माझी सवय भीतीपेक्षाही जुनी होती. रूळ ओलांडून मी पलीकडे उभी राहिले आणि माझ्यामागे गेटमनने फाटक बंद केलं.

तिथून सगळं दिसत होतं, बोलणंही ऐकू येत होतं. साहेबांनी परमिटवर सही केली, म्हणजे सगळी माणसं कामावरून बाजूला झाली असं लिहून दिलं. सबस्टेशनच्या कुंपणाशी एक माणूस उभा होता. साहेबांनी गेटमनकडून मागून घेतलेली हिरवी झेंडी वर केली, की तो आत ओरडणार आणि आतला ऑपरेटर लाइन सोडणार.

“मिस्त्री, बाजूला उभे राहा ना,” साहेब म्हणाले. तरुण होते, हसून बोलायचे.

“रिवाज हाये, साहेब.”

“यायले नका अडवू, साहेब,” मदतनीस म्हणाला. “यायच्या पायाखाली लाइन सुद्धी राह्यते.”

बाबांनी चपला काढल्या, जोडून कडेला ठेवल्या आणि वाळूवर चढले. पायांची बोटं वाळूत रोवलेली मला एवढ्या दुरून दिसली, की दिसल्यासारखं वाटलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

साहेबांना इंग्रजीत सांगता येईल, असं माझ्या मनात आलं. इंग्रजीत सांगितलं तर मदतनिसाला कळणार नाही, नव्याला कळणार नाही, बाबांचं जे झाकायचं ते झाकलेलं राहील. मी मनात वाक्य जुळवू लागले. ते व्याकरणात बरोबर हवं, असंही मला वाटत होतं. इतक्यात लक्षात आलं, बाबांनाही ते कळणार नाही. त्यांच्या समोर उभं राहून मी पुन्हा एकदा त्यांच्या डोक्यावरून काहीतरी बोलणार होते.

“गाडी जाऊ द्या, मग दाखवतो,” साहेब ओरडले.

मालगाडी आली. डिझेल इंजिन, मागे कोळशाचे डबे. ती माझ्या आणि त्यांच्या मधून जाऊ लागली. आता मला काही दिसत नव्हतं. डब्यांच्या फटींतून क्षणभर बाबांचा पांढरा शर्ट दिसे, पुन्हा डबा येई. जमीन हलत होती. ती गाडीनेच हलते आहे ना, हे मला कळेना. प्रत्येक फटीत मी शर्ट शोधत होते. एका फटीत तो दिसला नाही. मी फाटकाची नळी दोन्ही हातांनी धरली. पुढच्या फटीत तो होता.

हा माणूस लाजेपायी तिथे उभा आहे. त्याची लाज मी लपवते आहे आणि माझी लाज तो लपवतो आहे. मी बोलले तर उद्यापासून सगळी गँग त्यांना हसेल, पुन्हा दोरी त्यांच्या खांद्यावर येईल, आणि ते माझ्याशी बोलणार नाहीत, कदाचित कधीच. हे सगळं मला डबे जाताना दिसत होतं, अगदी स्पष्ट.

शेवटचा डबा गेला. गार्डाच्या डब्यामागून धूळ उठली. धुळीपलीकडे बाबा तसेच उभे होते, डोळे मिटलेले, आणि साहेबांचा झेंडीचा हात वर जायला लागला होता. मी फाटकाच्या नळीखालून वाकून रुळांवर आले. गेटमन मागून ओरडला. त्याआधी मी माझ्या आयुष्यात चारचौघांत आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो कुठून काढायचा हेही मला माहीत नव्हतं. तो निघाला तेव्हा दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

“साहेब, झेंडी दाखवू नका! जोड चुकलाय! काळा थर काढायचा होता, बाबांना राखायला मी सांगितलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं होतं. आणि मला ते समजलं नव्हतं. मला समजलं नव्हतं!”